हजेरीपट : लष्कर, ग्वाल्हेर

पगाराच्या वहीत मी त्याचा हुद्दा लिहिला : गोलंदाज.
त्यानं वाकून पाहिलं. म्हणाला, खोडा. सारंग लिहा.
मी म्हटलं, बाबा, हे ग्वाल्हेर.
इथं जेठात सोनरेखेत
म्हैससुद्धा भिजत नाही.

पदाजी मयेकर. कुलाब्याचं आरमार मोडलं
तेव्हा बाविसाचा.
गलबतं सरपणाच्या भावानं गेली,
ती त्यानं मोजली होती, फळी फळी.
मग घाट चढला, नर्मदा ओलांडली,
आणि अठरा वर्षं आमच्या तोफखान्यात
मासळीवाचून जेवला.

बंडवाले आले. शिबंदी फिरली, तोही फिरला.
कुणी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.
फक्त तोफांच्या गाड्यांचे दोर सोडून
नव्यानं बांधले, दर्यावरच्या गाठींनी.
"ओढली की आवळते, कारकून,
आणि बोलावली की सुटते."
मला एक शिकवली. दप्तराला अजून तीच असते.

रात्री किल्ल्याकडे हात केला :
"ही गुराब बघा. नाळ उत्तरेला.
एवढी थोरली, आणि जागच्या जागी रुतलेली."
रुतलेल्या जहाजावर काय करतात?
बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, दारू कोरडी ठेवतात.

त्या सकाळी लू सुटली होती.
त्यानं बोट चाटून हवेत धरलं.
"वारा त्यांचा," एवढंच बोलला,
आणि तोफेपाशी गेला,
जसं कुणी आपल्या घरात जातं.

संध्याकाळी बैल परतले, दोर ओढत.
गाठ तशीच होती. दोर पुढे कापलेला.

आठवड्यानं साहेबानं वही मागितली.
नावावर बोट ठेवलं. हा कुठं?
त्याची सात माणसं तेव्हा चंबळेच्या घळींत होती,
पाणी मिळत होतं की नव्हतं, कोण जाणे.
मी गोलंदाज खोडलं. सारंग लिहिलं.
म्हटलं, दर्यावर्दी माणूस, हुजूर,
दर्याकडेच जाणार.

दोन पावसाळे कोकणातल्या बंदरांवर
शिपाई चढत्या-उतरत्यांचे पंजे उलथून पाहत बसले :
डाव्या अंगठ्याला नख नाही.
खूण मीच लिहून दिली होती.

खूण खरी होती.
सोनरेखेच्या कोरड्या पात्रात तो हात मी पाहिला होता,
आणि ओंजळ ओंजळ वाळू
मीच लोटली होती त्यावर,
भरती येईल तोवर पुरेल एवढी.