आयत्या वेळचे विषय

सोसायटीचं इतिवृत्त मी बावीस वर्षं लिहिलं.
ऐरोली, सेक्टर आठ, सिडकोच्या चार बिल्डिंगी,
निळ्या रेघांचं रजिस्टर, शाईचं पेन,
आणि शेवटी नेहमी तोच मथळा: आयत्या वेळचे विषय.
तिथे जिन्यातल्या चपला येत,
कबुतरं येत,
एकदा लीलाधर मोकल आले.

मोकल रबाळ्याच्या कारखान्यात सेफ्टीला होते.
गॅसचा वास त्यांना सगळ्यांआधी यायचा
आणि तसं ते सारखं सांगायचे. हे वाईट.
सारखं बरोबर असणाऱ्या माणसाचा कंटाळा येतो.
शिवाय त्यांचा मेंटेनन्स तीन महिने थकलेला.

गच्चीवर सतरंजी, खाडीकडून डास.
मोकल उभे राहिले, म्हणाले,
"परवा मार्केटात त्या मुलाने केळीवाल्याला मारलं.
तुम्ही सगळे होतात."
होतो. केळीवाला फुटपाथ अडवायचा, हेही खरं.
"मारताना तो केळीवाल्याकडे बघत नव्हता.
आपल्याकडे बघत होता.
कोण मान खाली घालतं, मोजत होता."

कुणीतरी म्हणालं, पण पाण्याचं प्रेशर त्यानेच आणलं.
खरंच आणलं होतं. चौथ्या मजल्यावर
पहाटे पाचला बादली वाजायची
आणि बायको म्हणायची, देव भलं करो त्याचं.
कांबळी म्हणाले, पोरगं आहे, रक्त गरम आहे,
खुर्ची मिळाली की निवळेल.
अंबुर्लेबाई म्हणाल्या, मोकलांच्या भावाचं
तिकीट कापलं ना, तेव्हापासून हे असंच.
ते खोटं होतं. पण सोयीचं होतं,
आणि चहा गार होत होता.

बसता बसता मोकल एवढंच बोलले:
"एक गॅस असतो. आधी कुजक्या अंड्यांसारखा येतो.
मग वास थांबतो.
लोकांना वाटतं, वारा फिरला.
वारा नाही फिरत. नाक मेलेलं असतं."
पाटणकरांचा धाकटा हसला. मग आम्ही सगळेच.

मी लिहिलं:
श्री. मोकल यांनी मत मांडले. नोंद घेण्यात आली.
मत कोणतं, ते लिहिलं नाही.

मग तो नगरसेवक झाला, मग आणखी काय काय.
केळीवाल्यानंतर नाल्यापलीकडच्या झोपड्या,
मग कुणी एक मास्तर, मग एक छापखाना;
प्रत्येक वेळी आमच्यापासून एवढंच लांब
की खिडकी लावली तर ऐकू येऊ नये.
मोकल खोली विकून पेणकडे गेले.
पत्ता कुणी मागितला नाही.

आता मुलगी विचारते, तेव्हा कळलं कसं नाही तुम्हाला?
मी म्हणतो, अगं, कुणाला कल्पना असणार.
हे खोटं.
त्या रात्री गच्चीवर मला मोकलांचं
अक्षरन् अक्षर पटलं होतं.
पटलं होतं,
म्हणूनच तर कागदावर आणलं नाही.

काल दोन पोरं आली. नम्र, चपला बाहेर काढून.
कुठल्या खोलीत कोण, भाडेकरू मूळचे कुठले,
यादी हवी होती. भाऊंनी मागवली होती.
मी चष्मा शोधत राहिलो. तो डोळ्यांवरच होता.
चौसष्ट खोल्या लिहून दिल्या,
सरळ ओळीत, एकही खाडाखोड नाही.
त्यातला थोरला कागद उजेडाला धरून म्हणाला,
"काका, अक्षर काय सुंदर आहे हो तुमचं."

मी थँक्यू म्हणालो.
तो मोजत होता की नाही,
मी वर पाहिलं नाही.