उलटा टाका

रात्री साडेदहाला निमकर येतो.
शेवंता म्हणते, आला तुमचा पावणा,
आणि आवाज बारीक करते, नातू झोपलाय म्हणून.
मला आवाज लागत नाही.
मी त्याचे बूट बघतो.

चाळीस वर्षं सुभाषनगरात आरी धरून बसलोय,
माणसं खालून वर वाचत आलोय.
इन्स्पेक्टर निमकरचा उजवा बूट बाहेरच्या अंगानं झिजलाय,
म्हणजे चालताना हा सारखा डावीकडं वळून बघत असणार.
डावीकडं काय, ते पहिल्याच भागात दाखवलं होतं:
एसटीचा थांबा, साक्ष द्यायला निघालेली पोरगी,
आणि हा, दहा मिनिटं उशिरा पोचलेला.

तेव्हापासून हा कुठंही दहा मिनिटं आधी जातो.
लग्नाला, मयताला, बायकोनं टाकलेल्या केसच्या तारखेलासुद्धा.
मालिकेत हे कुणी बोलून दाखवत नाही.
मी मोजलंय, मागच्या भिंतीवरची घड्याळं बघत.
तालमीच्या कट्ट्यावरची पोरं म्हणतात, लई रटाळ,
मारामारी नाही, गाडी उडत नाही.
अरे, त्याचा चहा बघा की!
दोनशे भागांत एक कप संपवलेला नाही त्यानं.
एकदा एका खुन्यानं विचारलं, साहेब, झोप लागते का?
निमकर काही बोलला नाही,
फक्त त्याची हातकडी एक दात सैल केली.
त्या रात्री वेणी विणताना माझ्या हातातली वादी तुटली.

आता माझं.
चौदा वर्षं झाली. लगीनसराई तोंडावर,
साठ जोड द्यायचे बाकी, कातडं भिजत पडलेलं.
हवालदार चौगले आला, प्लास्टिकच्या पिशवीत एक पायताण घेऊन.
पंचगंगेच्या घाटाखाली गावलेलं, माणसासकट.
तोंड ओळखण्यासारखं राहिलं नव्हतं म्हणाला.
हे कुणाच्या हातचं, सांगशील?

डाव्या कानात एक टाका उलटा.
माझ्या बापानं शिकवलेला. अख्ख्या गल्लीत दुसरं कुणी घालत नाही.
मी पायताण उलटं केलं, सुलटं केलं,
उजेडाला धरलं.
म्हटलं, साहेब, सगळी सारखीच असतात.
कोर्टाच्या खेपा दिसल्या डोळ्यासमोर. एवढंच.
चौगलेनं चहा संपवला. मीही संपवला.

मयत बेवारस म्हणून जाळलं.

वहीत त्याचा पाय आहे, पान सत्तेचाळीस.
गिऱ्हाईकाच्या पावलाभोवती मी पेन्सिल फिरवतो, खाली नाव.
मगदूम, कसबा बावडा. अंगठ्याशेजारचं बोट लांब.
इसारा शंभर. दुसरा जोड वडिलांसाठी, नऊ नंबर.
तो नऊ नंबर अजून खिळ्याला आहे.
गोंड्याचा लाल रंग उडून चहासारखा झालाय.
कुणी हात लावला तर शेवंता सांगते, तो द्यायचा नाही.
का, ते तिनं कधी विचारलं नाही,
आणि का विचारलं नाही, ते मी.

परवा शेवटचा भाग झाला.
निमकर त्या पोरीच्या आईच्या दारात गेला, सगळं बोलला,
आईनं डोक्यावरून हात फिरवला, मागं बासरी.
माझं डोकंच फिरलं.
दोनशे भाग जपलेला माणूस एका बासरीत विकला राव!
लिहिणाऱ्यानं कधी कुणाचं पायताण हातात धरलं नसणार.
एक मात्र बरं केलं त्यांनी.
दारात त्यानं बूट काढले, तेव्हा कॅमेरा
जरा वेळ तिथंच राहिला.
उजवा तसाच, बाहेरून झिजलेला.

शेवंतानं टीव्ही बंद केला.
मी खिळ्यावरचा जोड काढला, तेलाची वाटी मागितली.
तिनं ती आधीच आणून ठेवली होती.

बावड्याची बस सहा दहाला.
मी सहाला थांब्यावर. ती गेली.
सहा चाळीसचीही गेली.
म्हातारा आहे का, कुणाला ठाऊक.
पिशवीत नऊ नंबर आहे,
रात्रभर तेल प्यायलेला,
तरी ताठ.