शेरा

चिखलीच्या अलीकडचा ओढा. सकाळी सात-दहा.
पुलाखाली मी, गुडघाभर पाण्यात,
हातात आईच्या जुन्या पातळाची जाळी
(खात्याची जाळी मार्चपासून मागणीपत्रात आहे)
आणि टवके उडालेलं पांढरं ताट.

केंद्र एक. पाणी नितळ, तळ दिसतो.
गोट्यांवर राखाडी लव.
गुऱ्हाळाची, फाउंड्रीची, की वरल्या वस्तीची?
तर्कासाठी तक्त्यात रकाना नाही.
झिंगे: शून्य.

काठावर इंदाक्का भोई, बुट्टी पालथी घालून तिच्यावरच बसलेली.
"काय गावंना व्हय?"
म्हटलं, पाणी तर स्वच्छ दिसतंय.
"दिसायला काय, दिसतंयच की.
माझी सासू पाणी बघायची न्हाई, पाय सोडून बसायची.
झिंगं येऊन टाचंची भेग कोरायला लागली
की मग घागर बुडवायची.
न्हाई आली, तर उठायची आन् वरल्या अंगाला जायची."

मीही थोडा वेळ पाय न हलवता उभा राहिलो.
पायांत गमबूट होते.

दोन, तीन, चार.
दोन्हीकडून पाण्यावर वाकलेला ऊस,
मोटरीचा पाइप, तणनाशकाची निळी बाटली.
शून्य. शून्य. शून्य.

पाचवं केंद्र पार वर, करंजाच्या मुळांपाशी,
ओढा अजून कुणाच्या बांधात शिरलेला नाही तिथं.
ताटात आधी काहीच नव्हतं.
मग ताटाचाच एक तुकडा हलला.

नखाएवढी. आरपार.
गिळलेल्या शेवाळाचा हिरवा दोरा दिसत होता,
डोक्यामागं काहीतरी भराभर उघडमीट करत होतं,
आणि पोटाखाली, इवल्या पायांनी वारा घालत
सांभाळलेली गाभोळी.
मोजत सव्वीसपर्यंत आलो,
भिंगावर माझाच श्वास साचला.

ताट कलतं केलं.
शेपूट मारून ती मागं सरकली, मुळांत गेली,
तोंड शेवटपर्यंत माझ्याकडं.

दुपारी कचेरीत इंगवले मॅडम म्हणाल्या,
पाच केंद्रं, एक झिंगा, म्हणजे शून्य पूर्णांक दोन.
तक्ता अपूर्णांक घेत नाही हो. शून्य धरा.

धरलं.

शेऱ्याचा रकाना कुणी वाचत नाही.
तिथं बारीक अक्षरात लिहिलं:
अंडी होती.
सव्वीसच्या पुढची मोजायची राहिली.