दोन अंश

विमान तयार होतं. नाक तेवढं नव्हतं.
पाच फुटी पंख, बाल्साच्या फासळ्या,
वर पिवळी फिल्म, बायकोच्या इस्त्रीनं ताणलेली
(इस्त्रीवर डाग आहे अजून, तो विषय नको).
पुढं प्लायवुडची सपाट भिंत
आणि भिंतीवर काय बसवायचं, तेच ठरंना.

पुण्याचा दुकानदार फोनवर म्हणाला, फोर-स्ट्रोक घ्या, आवाज गोड.
वजन विचारलं, तर आवाजाचंच सांगत राहिला.
भाचा म्हणाला, मामा, बॅटरी आणि मोटर,
ना धूर ना तेल, विषय संपला.
खरं संपलेला विषय घेऊन मी काय करू?

कॅम्पात फिलोमिना बारेटोंच्या माळ्यावर
दूध पावडरचा डबा निघाला.
आत मिस्टर बारेटोंचा बनियन, बनियनमध्ये शेहेचाळीसचं इंजिन.
सांबऱ्याला पोरांना स्पॅनर धरायला शिकवत नोकरी झाली त्यांची.
हे एकदाच चालवलं, अंगणात,
शेजाऱ्यांनी तक्रार केली.
शाफ्ट हलेना. एरंडेल आटून डिंक झालेलं.
बाई म्हणाल्या, पैशाचं नंतर. आधी फिरतंय का बघ.

उद्यमबागेत रात्रपाळीला
पंपाच्या बॉड्या ओतून झाल्यावर
कोअरच्या भट्टीत ठेवलं त्याला, पत्र्याच्या ताटलीत,
चहा होईस्तोवर.
वास सुटला, लहानपणी नाक दाबून पाजायचे तोच,
आणि फडक्यात धरून फिरवलं तर
फिरलं.
पिस्टन वर गेला आणि त्यानं माझ्या अंगठ्याला
उलटं ढकललं.
तिथंच ठरलं माझं.
कॅटलॉगात हॉर्सपॉवर लिहितात. हे ढकलणं लिहीत नाहीत.

माऊंट बसवायला ईरण्णा.
मराठी त्याची मापापुरती, कन्नड माझी चहापुरती,
मधला व्यवहार व्हर्नियरवर.
चार भोकं, चार बोल्ट. मी गुण्या लावून
नाक अगदी सरळ केलं,
तर त्यानं मान हलवली, डावीकडच्या दोन बोल्टांमागं
एकेक वायसर सरकवला.
नाक उजवीकडं कललं. दोन अंश, जेमतेम.
‘वाकडं झालं की रे!’
त्यानं हवेत बोट फिरवलं,
पंखा असा गेला की विमान तसं जातंय.
‘सरळ जायाचं असंल तर वाकडंच बसवाय पायजे.’
इतकं लांब मराठी वाक्य
मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

रविवारी येळ्ळूरच्या शिवारात.
सांबऱ्याकडं जाऊन चालत नाही, तिथं खरी विमानं.
भात कापलेलं, मसूर वीतभर, बांधावर एक म्हैस
आणि फिलोमिनाबाई, रिकामा डबा मांडीवर घेऊन.
अकरा-सहाचा पंखा. सुई दोन फेरे उघडी.
पहिल्या झटक्याला काही नाही. दुसऱ्याला शिंक.
तिसऱ्याला माझं नख गेलं.
चौथ्याला ते ओरडलं, जाड, ओलं, तेल थुंकत.
म्हैस उठली. बाई नाही उठल्या.
सुई आवळत गेलो, एकेक टिचकी,
आवाज बारीक, आणखी बारीक, शिट्टीपाशी आला...
‘साक, तम्मा, साक!’
पुरे. एक टिचकी मागं घेतली.

मग उचलून नाक आभाळाकडं.
इंधन मागं राहतं तेव्हा कच्चं इंजिन दम टाकतं.
यानं टाकला नाही.
चष्म्यावर एरंडेलाचे थेंब, खांदा वर ओढला जातोय,
रिमोट भाच्याकडं, धसकटांत चाकं चालणार नाहीत,
हातानंच सोडायचं.
मी नाक खाली घेतो, वाऱ्याकडं चार पावलं पळतो.
‘बिड, तम्मा! बिड!’
सोड म्हणतोय. कळतंय मला.
बोटांना अजून भाषांतर पोचायचंय.