कॉन्स्टंट

पहाटेचे चार. रास अल खैमा, धक्का नंबर पाच.
उबैदची होडी जहाजाच्या कुशीला लागलीय,
मी टॉर्च मारतो पांढऱ्या आकड्यांवर.
नऊ मीटर बेचाळीस. लाट चढते, पन्नास.
उतरते, छत्तीस.
घाई केली तर दोनशे टन चुनखडी
नुसत्या कागदावर बुडते.

पुढे दोन, मध्ये दोन, मागे दोन आकडे:
बाजारात म्हशीभोवती गिऱ्हाईक फिरतं, तसे आम्ही.
मग दोरीने बाटली सोडून खालचं पाणी काढायचं,
त्यात काचेची कांडी.
एक हजार एकोणतीस.
कांडी मान वर काढून उभी राहते.
इथलं पाणी जाड, उन्हाने आटवलेलं,
कुणालाही थोडं जास्तच उचलून धरतं.

हेच जहाज आमच्या वाशिष्ठीत आणलं
(येणार नाही, गाळ फार; पण समजा)
तर वीतभर खाली बसेल.
तेच लोखंड, तीच खडी, तेच एकवीस खलाशी.
गोड्या पाण्याचा हात सैल.

परवा रेवाने फोनवर विचारलं,
खिळा बुडतो, मग बोट का नाही?
म्हटलं, खिळा भरगच्च, एकटाच जातो.
बोट आपली पोकळी सोबत नेते.
जेवढं पाणी बाजूला सारशील
तेवढ्या पाण्याच्या वजनाइतकं ते तुला पेलतं.
"म्हणजे उधारी नाही,"
म्हणाली. वाण्याची नात शोभते.

वर केबिनमध्ये रोदेल कॉफी ओततो.
एकूण वजनातून वजा करत जायचं:
तेल, प्यायचं पाणी, बॅलास्ट, जहाज स्वतः.
परवा रिकामं आलं तेव्हाही
दोनशे चौदा टन कशातच बसले नव्हते.
रंगावर चढलेला रंग, टाक्यांच्या तळचा चिखल,
कुणी कुठल्या बंदरात विसरलेले दोर.
याला कॉन्स्टंट म्हणतात. म्हणायला.
मागच्या फेरीला एकशे ऐंशी होता.
"वरचे चौतीस कुठले?"
रोदेल खांदे उडवतो, सही करतो.
अकरा महिने झाले त्याला घर सोडून.
मला सोळा वर्षं.

उजाडलंय. शिडी हलते.
उबैद होडी धरून ठेवतो, मी पाय टाकतो,
होडी खाली जाते, थोडी,
आणि थांबते.
किती, ते मी बघत नाही.