मोरचूद

काळीज म्हणजे यकृत, हे मी कॉलेजात शिकले.
डोमाजीला ते कधीचं ठाऊक होतं:
शेंदुर्जन्याच्या बाजारात काळीज पावशेरावर मिळतं.

मेंढी लिंबाखाली आडवी. डोळ्यांचं पांढरं हळदीचं झालेलं.
"रातच्याले बरी होती जी. सकायी लाल मुतली."

मी सुरी लावली.
आत संत्र्याच्या सालीसारखं यकृत,
आणि मूत्रपिंडं बंदुकीच्या नळीगत काळीनिळी.

पलीकडे बगीचा. दिवाळीनंतर
खोडाखोडाला कमरेएवढा निळा लेप:
मोरचूद, चुना, पाणी.
पौष-माघ मेंढ्या तिथंच बसवलेल्या, लेंडीखतासाठी,
रात्रीला दोन पायल्या ज्वारीच्या बोलीवर.
चाटली असतील खोडं.

"पण तवा तं काईच झालं नाई, डॉक्टरीनबाई."

हेच तर सांगायचंय.
पेशीत एक इवलंसं प्रथिन असतं,
नाव मात्र लांबलचक, मेटॅलोथायोनिन,
मीही अडखळते.
लोकरीत गोखरू अडकावं
तसं त्याच्या वीस गंधकांत तांबं अडकतं.
जस्त आलं तर जस्त, कॅडमियम आलं तर तेही,
कोणाचं कोण, विचारत नाही.
धरलेलं तांबं चावत नाही.

गाय पुष्कळसं पित्तातून टाकून देते.
मेंढीला टाकणं नीट जमत नाही.
ठेवते.
ना ताप, ना रवंथ चुकलं,
दोन महिने ठेवत राहिली.

परवा कळप आठ कोस चालला. फाल्गुनाचं ऊन,
वाटेतला नाला कोरडा.
तेवढंच निमित्त झालं.
धरायला जागा उरली नव्हती, पेशी फुटल्या,
आणि माघापर्यंतचं सगळं तांबं
एका रात्रीत रक्तात.

बरणीत तुकडा घातला, वर फॉर्मालिन.
दुपारच्या एसटीनं नागपूरला जाईल.
मॉलिब्डेटची मात्रा लिहून दिली.
काळीज कोणाला देऊ नका म्हटलं,
त्यानं आधीच खड्डा खणायला घेतला होता.

"बाकीच्याइच्या कायजात किती असन?"
"मोजावं लागेल."
"रगत काढून?"
"रक्तात दिसत नाही. शेवटच्या दिवसापर्यंत
रक्त ठीकच असतं."
"मंग कायजातूनच काढा लागन."

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.
एकेचाळीस मेंढ्या सावलीत रवंथ करत होत्या.
डोमाजीनं जवळचीच्या उजव्या फासळ्यांवर
मातीचा हात ठेवला,
आणि बराच वेळ उचलला नाही.