झुकाव

होकायंत्र इथं खोटं बोलतं,
कातळातच लोखंड आहे.
म्हणून वुओक्को सळईच्या सावलीवरून दिशा धरते,
आणि ढग आला की थांबते.
ओइवा होडीत बसून थर्मासमधली कॉफी ओततो.

बोटभर लांबीचा दगडाचा गाभा,
त्यावर एक बाण.
हेल्सिंकीत तो भट्टीत जाईल,
दर खेपेला थोडा अधिक तापेल,
नंतरनंतरच्या आठवणी पुसल्या जातील.
उरेल ती सगळ्यांत हट्टी:
शिलारस थिजताना कणांनी धरलेला झुकाव.
"त्यावरून कळतं, ही जमीन विषुववृत्तापासून किती लांब होती."
"आणि पूर्वेला किती, पश्चिमेला किती?"
"ते दगड सांगत नाही."

ओइवा वल्ह्यावरचं पाणी निथळू देतो.
चव्वेचाळीस साली, चार वर्षांचा असताना,
गुरांच्या डब्यातून सरहद्दीच्या अलीकडे आलेला तो.
गावाचं नाव विचारलं की अडखळतो.
पण सकाळचं ऊन खिडकीतून
टेबलावर कसं उतरायचं,
ते तळहात तिरका धरून दाखवतो.

ढग सरकतो.
वुओक्को वहीत लिहिते:
बावीस अंश, चार इकडे-तिकडे.
कुणाचे, ते लिहायचं राहून जातं.